होप, मेरिट आणि कॅम्लूप्स: ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांचे जाळे आणि त्यातले जोडरस्ते

नदीकाठ (धागाकर्ता)

व्हँकुव्हरहून कॅम्लूप्सला किंवा केलोनाला जायला कोणता रस्ता बरा, असा प्रश्न आपल्याकडे वरचेवर विचारला जातो आणि त्याला बहुतेक वेळा 'कोकिहाला' असे एका शब्दात उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. मी अ‍ॅबट्सफोर्डला राहतो आणि मालवाहतुकीच्या नियोजनाचे काम करतो. कोणता रस्ता बंद झाला, गाड्या कुठून वळवायच्या आणि वळवलेल्या रस्त्याला तेवढा भार झेपेल का, हा आमच्या कामातला रोजचा विचार असतो. या भागातल्या महामार्गांकडे एकेक सुटा रस्ता म्हणून न पाहता जाळे म्हणून पाहिले पाहिजे आणि त्या जाळ्यात सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते जोडरस्त्यांकडे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यासाठी हा धागा काढत आहे.

नकाशा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हँकुव्हरच्या पूर्वेला फ्रेझर नदीचे सपाट खोरे सुमारे दीडशे किलोमीटर पसरले आहे आणि ते होप या छोट्या गावापाशी डोंगरांत मिटते. नदीच्या दक्षिणेकडून येणारा महामार्ग क्रमांक १, म्हणजे ट्रान्स-कॅनडा, आणि उत्तर काठाने मिशन, अगासी असा येणारा क्रमांक ७ हे दोन्ही होपला येऊन मिळतात. तिथून तीन फाटे फुटतात. क्रमांक १ फ्रेझरच्या अरुंद घळीतून उत्तरेला लिटन, स्पेन्सेस ब्रिज, कॅश क्रीक असा वळसा घेत कॅम्लूप्सला जातो. क्रमांक ५, म्हणजेच कोकिहाला, सरळ घाट चढून मेरिटमार्गे कॅम्लूप्स गाठतो. क्रमांक ३ मॅनिंग पार्कमधून प्रिन्स्टन, ऑसोयूस करत अमेरिकेच्या सीमेला समांतर पूर्वेकडे थेट क्रोजनेस्ट खिंडीपर्यंत जातो. चौथा पर्याय क्रमांक ९९ चा. तो होपला न जाता व्हिसलर, पेम्बर्टन आणि लिलुएटवरून आतल्या पठारावर उतरतो, पण पेम्बर्टन ते लिलुएट हा डफी लेकचा टप्पा तीव्र चढउतारांचा आणि अरुंद आहे.

हे झाले मुख्य रस्ते. त्यांना आडवे सांधणारे जे रस्ते आहेत, त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. क्रमांक ८ हा मेरिटपासून निकोला नदीच्या काठाने स्पेन्सेस ब्रिजला, म्हणजे कोकिहालावरून ट्रान्स-कॅनडावर नेतो. क्रमांक ५ए प्रिन्स्टन, मेरिट आणि कॅम्लूप्सला जुन्या वळणाच्या रस्त्याने जोडतो. क्रमांक १२ लिटन ते लिलुएट जातो. ९७सी मेरिटहून पेनास्क शिखर ओलांडून केलोनाच्या, म्हणजे ओकानागनच्या खोऱ्यात पीचलँडला उतरतो. कोकिहाला होप आणि मेरिटच्या दरम्यान बंद पडला, की ओकानागनची वाहतूक घळीतून स्पेन्सेस ब्रिजपर्यंत आणून क्रमांक ८ ने मेरिटला आणि पुढे ९७सी वर घेता येते. तोच मेरिट आणि कॅम्लूप्सच्या दरम्यान बंद पडला, तर ५ए उपयोगी पडतो. हे रस्ते दोन पदरी आणि जुने असले, तरी जाळ्याला जाळेपण त्यांच्यामुळे येते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये काय झाले ते इथल्या अनेकांनी अनुभवले आहे. १४ आणि १५ नोव्हेंबरच्या अतिवृष्टीत होपहून आत जाणारे तिन्ही रस्ते एकाच वेळी तुटले. कोकिहालाची होप आणि मेरिटदरम्यान वीसहून अधिक ठिकाणी हानी झाली आणि पूल कोसळले. ट्रान्स-कॅनडा लिटनजवळ टँक हिल येथे वाहून गेला. क्रमांक ३ अनेक जागी खचला. क्रमांक ७ वर अगासी आणि होपच्या दरम्यान दोन दरडींच्या मधे वाहने अडकली आणि अडीचशेहून अधिक माणसांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढावे लागले. डफी लेक रस्त्यावर दरड कोसळून माणसे दगावली. आमच्या अ‍ॅबट्सफोर्डला सुमास प्रेअरी हा सखल शेतीचा भाग पाण्याखाली गेला आणि ट्रान्स-कॅनडाचा सपाटीवरचा भागही बंद झाला. किनाऱ्याला देशाशी जोडणारे दोन्ही मुख्य रेल्वेमार्ग फ्रेझरच्या घळीतून जात असल्यामुळे तेही तुटले. कॅनडाचे सर्वांत मोठे बंदर उर्वरित देशापासून जमिनीवरून तुटले आणि ट्रक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून वळवावे लागले.

आपल्याकडे एका ठिकाणी जायला चार रस्ते आहेत, असे आपण मानत होतो. प्रत्यक्षात त्यांतले तीन एकाच गावातून निघतात, सगळे किनाऱ्याकडच्या पर्वतांतून चढतात आणि जवळजवळ सगळे नदीच्या काठाकाठाने जातात. त्यामुळे एक मोठे वादळ त्या सर्वांवर एकदम कोसळते. म्हणून पुनर्बांधणीचा विचार करताना मुख्य महामार्ग किती लवकर सुरू झाला एवढाच निकष पुरेसा नाही, असे मला वाटते. ज्यांना या रस्त्यांचा अनुभव आहे, विशेषतः जे आतल्या गावांत राहतात, त्यांनी जरूर लिहावे.

---

रोहिणी_पुणे

धागा अतिशय उपयुक्त आहे. माझी मुलगी केलोनाला असते आणि आम्ही उभयता डिसेंबरात तिच्याकडे जाणार आहोत. व्हँकुव्हरला उतरून जावई गाडीने न्यायला येणार आहेत. तुम्ही लिहिलेले वाचून थोडी धास्ती वाटली. हिवाळ्यात हा प्रवास गाडीने करावा का, आणि करायचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी, हे कृपया कोणी सांगावे.

---

मेघना_आतलेपठार

रोहिणीताई, धास्ती घेण्याचे कारण नाही, पण दिवस मात्र हवामान पाहून निवडावा लागतो. मी कॅम्लूप्सला राहते आणि नातेवाइकांमुळे केलोनाला नेहमी जाणे होते.

व्हँकुव्हर ते केलोना हे अंतर चारशे किलोमीटरला थोडे कमी आहे आणि रस्ता कोरडा असेल तर साधारण चार तास लागतात. कोकिहालाने मेरिटपर्यंत आणि तिथून ९७सी ने पुढे, असा नेहमीचा मार्ग आहे. लोक कोकिहालाच्या घाटाची भीती घालतात, त्याची खिंड १,२४४ मीटरवर आहे. ९७सी वरचे पेनास्क शिखर मात्र १,७२८ मीटरवर आहे. कोकिहाला उतरलो म्हणजे सुटलो, असे समजून माणसे मेरिटला निर्धास्त होतात आणि पुढे पेनास्कला धुके आणि बर्फाचा मारा सुरू होतो. तेव्हा दोन्ही घाटांची स्थिती पाहूनच निघावे. 'ड्राइव्ह बीसी' या प्रांताच्या संकेतस्थळावर दोन्ही घाटांतल्या कॅमेऱ्यांची ताजी छायाचित्रे दिसतात. जावई ती पाहत असतीलच.

१ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात या घाटरस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टायरवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह किंवा एम आणि एस ही अक्षरे असावी लागतात आणि खाचा निदान साडेतीन मिलिमीटर खोल असाव्या लागतात. माझा सल्ला डोंगराच्या चिन्हाच्या टायरचाच आहे, कारण नुसती अक्षरे असलेले टायर कडक थंडीत तितकी पकड देत नाहीत. गाडीत पांघरुणे, पाणी, खाण्याचे डबे आणि टॉर्च ठेवावा. पेट्रोलची टाकी होपला भरून घ्यावी, कारण होप ते मेरिट या ११५ किलोमीटरच्या टप्प्यात पंप नाही. शक्यतो सकाळी उशिरा निघून दिवसाउजेडी दोन्ही घाट पार करावेत, म्हणजे डिसेंबरात तीन-साडेतीनच्या आत. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी पुढे निघू नका. व्हँकुव्हर परिसरात एक रात्र मुक्काम केलात तर जावयांनाही घाई करावी लागणार नाही.

---

जुना_वाटाड्या

मी या प्रांतात आलो तेव्हा कोकिहाला नव्हता. तो आला १९८६ च्या मे महिन्यात, व्हँकुव्हरच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी घाईने पूर्ण करून. पुढच्या वर्षी तो कॅम्लूप्सपर्यंत गेला आणि १९९० मध्ये ओकानागनचा जोडरस्ता पूर्ण झाला. घाटात टोलनाका होता, मोटारीला दहा डॉलर पडत. सप्टेंबर २००८ मध्ये टोल उठला. तोपर्यंत बरेच लोक पैसे वाचवण्यासाठी घळीतल्या रस्त्याने जात आणि बॉस्टन बार, लिटन, स्पेन्सेस ब्रिज इथल्या खानावळी व पंप त्यांच्यावर थोडेफार तग धरून होते.

धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा इतिहासातून अधिक स्पष्ट होतो. १८६० च्या दशकात सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी घळीतून कारिबू गाडीरस्ता खोदला गेला. त्यानंतर कितीतरी दशके आत जायला तीच एक वाट होती. २ नोव्हेंबर १९४९ ला होप-प्रिन्स्टन रस्ता उघडला, तेव्हा कुठे दुसरी वाट मिळाली. त्या रस्त्यावर ९ जानेवारी १९६५ रोजी पहाटे होपच्या पूर्वेला डोंगराची एक अख्खी बाजू खाली आली आणि चार माणसे गाडली गेली. त्यांतल्या दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. आजही क्रमांक ३ ने जाताना ती उघडी पडलेली कडा दिसते. आत्ताचा रस्ता त्या ढिगाऱ्यावरूनच जातो.

कोकिहालाच्या दरीबद्दलही एक गोष्ट विसरली जाते. तिथे आधी केटल व्हॅली रेल्वे होती. अँड्र्यू मॅक्युलक या अभियंत्याने तिची आखणी केली आणि शेक्सपिअरच्या पात्रांची नावे स्थानकांना दिली. ऑथेलो, लिअर, जेसिका, पोर्शिया, इयागो, रोमिओ, ज्युलिएट ही नावे महामार्गावरच्या पाट्यांवर अजून वाचायला मिळतात. १९१६ मध्ये गाड्या धावू लागल्या. हिमस्खलने, दरडी आणि पुरांनी रेल्वे सतत जेरीस आली. १९५९ मध्ये मार्ग वाहून गेला आणि १९६१ मध्ये कायमचा सोडून देण्यात आला. ज्या दरीने रेल्वेला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हार मानायला लावली, त्याच दरीत पंचवीस वर्षांनी आपण चौपदरी महामार्ग नेला. २०२१ मध्ये जेसिका आणि ज्युलिएटजवळचे पूल गेले, तेव्हा मला त्या रेल्वेची आठवण झाली. ती दरी नव्याने बिघडलेली नाही, तिचा स्वभाव तेव्हाही हाच होता.

---

दिगंत

माहितीपूर्ण चर्चा आहे, पण धागाकर्त्यांच्या मुख्य निष्कर्षाशी मी सहमत नाही.

महामार्गावर खर्च करताना त्यावरून किती माणसे आणि किती माल जातो, हे पाहावेच लागते. कोकिहाला हा किनारा आणि आतला प्रदेश यांतला प्रमुख मालवाहू मार्ग आहे. इतकी हानी होऊनही तो २० डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे ३५ दिवसांत, ट्रकसाठी उघडला आणि १९ जानेवारीला सर्वांसाठी खुला झाला. ऐन हिवाळ्यात शेकडो कामगारांनी अहोरात्र काम करून हे साधले. मनुष्यबळ, दगड, यंत्रे आणि अभियंते मर्यादित असताना ते सर्व एका ठिकाणी लावले म्हणूनच हे जमले. तेच बळ सात-आठ रस्त्यांवर विभागले असते, तर एकही रस्ता वेळेत झाला नसता.

दुसरा मुद्दा असा, की क्रमांक ८ सारख्या रस्त्यावर दिवसाला फारच थोडी वाहने जातात. त्याला महामार्गाच्या तोडीचा खर्च करण्यापेक्षा ट्रान्स-कॅनडाचे फ्रेझर खोऱ्यातले रुंदीकरण आणि कॅम्लूप्सच्या पूर्वेचे चौपदरीकरण लवकर पूर्ण करणे अधिक लोकांच्या हिताचे आहे. भावना बाजूला ठेवून हा हिशेब मांडला पाहिजे.

---

सह्यगिरी

मी जलवाहिन्या आणि पुलांच्या कामातला अभियंता आहे, आधी महाराष्ट्रात आणि आता इथे. खर्चाच्या वादाआधी रस्ते नेमके का तुटले, ते पाहू.

होपला त्या दोन दिवसांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. कोकणात वाढलेल्या कोणालाही हा आकडा मोठा वाटणार नाही, तिथे आषाढात असे दिवस येतातच. परंतु कोकणातल्या ओढ्यांची पात्रे त्या पावसाने हजारो वर्षे घडवलेली आहेत. इथे नोव्हेंबरात डोंगरमाथ्यावर बर्फ पडू लागलेला असतो. प्रशांत महासागरावरून आलेला तो प्रवाह उबदार होता, त्यामुळे वरचे बर्फही वितळून पावसात मिसळले. त्याच उन्हाळ्यात लिटनला २९ जून रोजी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते गाव जळाले. पुढे वणव्यांनी आसपासचे कितीतरी उतार उघडे केले. जळालेल्या जमिनीत पाणी नीट मुरत नाही आणि झाडांची मुळे माती धरून ठेवत नाहीत. त्यामुळे ओढ्यांतून नुसते पाणी न येता दगड, चिखल आणि ओंडके आले.

आता रस्त्यापाशी काय होते ते पाहा. डोंगरी रस्त्याखाली ओढ्यासाठी एक मोरी असते. मोरीच्या तोंडाशी दोन-तीन ओंडके आडवे पडले, की त्यांना फांद्या अडकतात, फांद्यांना गाळ अडकतो आणि थोड्याच वेळात मोरी बुजते. मग रस्त्याचा भराव हेच धरण बनते. पण तो धरणासारखा बांधलेला नसतो. पाणी वर चढते, डांबरावरून पलीकडे वाहू लागते आणि पलीकडच्या उतारावरची माती खालून वर कुरतडत आणते. शेवटी डांबराचा थर काही काळ हवेत लोंबकळतो आणि मग तुकड्यातुकड्याने खाली जातो. म्हणजे रस्ता बुडत नाही, त्याच्या पायाखालची जमीन जाते.

पुलांचेही तसेच. कोकिहालाच्या काही पुलांवर नदीने काठाकडचा आधार आणि त्यामागचा पोचरस्त्याचा भराव खाऊन टाकला. मधले खांब जाग्यावर आणि काठ मात्र गायब, अशी अवस्था होती. म्हणून बॉटलटॉप, जेसिका आणि ज्युलिएट इथे कायमस्वरूपी पूल बांधताना गाळे लांब घेतले, काठाचे आधार पात्रापासून मागे नेले, पाया खोल पाइलांवर ठेवला आणि काठाला मोठ्या दगडांचे अस्तर दिले. २०२३ च्या अखेरीस ते काम पूर्ण झाले. हा धडा उत्तम शिकला गेला, असे मी अभियंता म्हणून मनापासून म्हणेन.

दिगंत यांना माझे उत्तर एवढेच, की मोठे पूल नव्या मापाने बांधून भागत नाही. जोडरस्त्यांवरच्या मोऱ्या बहुतांशी जुन्या पर्जन्यमानावर बेतलेल्या आहेत. एक मोरी मोठी करण्याचा खर्च आणि तिथला भराव वाहून गेल्यावर रस्ता पुन्हा उभारण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. मी तुमचाच हिशेब मांडत आहे, फक्त रस्ता तुटण्याआधीचा.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

दिगंत, कोकिहाला ३५ दिवसांत उघडला याचे श्रेय त्या कामगारांना पुरेपूर दिलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. माझा प्रश्न त्या ३५ दिवसांचा आहे.

त्या काळात किनारा आणि आतला प्रदेश यांना जोडणारा एकमेव प्रमुख रस्ता क्रमांक ३ होता. १९ नोव्हेंबरला तो केवळ अत्यावश्यक वाहतुकीसाठी उघडला. हा बहुतांश दोन पदरी, वळणांचा, १,३४२ मीटरच्या अ‍ॅलिसन खिंडीतून जाणारा रस्ता, आणि त्यावर कोकिहालाचे अवजड ट्रक आले. ज्यांनी कधी तो रस्ता पाहिला नव्हता असे चालक बर्फात तिथून जाऊ लागले. अनेक अपघात झाले, एक ट्रक आडवा झाला की दोन्ही बाजू ठप्प. आमच्याकडे माल कुठे अडकला हे विचारणारे दूरध्वनी दिवसभर येत आणि आम्हाला सांगण्यासारखे काही नसे. आमचे बरेच चालक पंजाबी आहेत, सरे आणि अ‍ॅबट्सफोर्डचे. त्यांच्या घरचेही फोन करत. त्यांना आम्ही काय सांगणार होतो?

त्याच दिवसांत ट्रान्स माउंटन तेलवाहिनी खबरदारी म्हणून बंद होती, त्यामुळे किनाऱ्याकडच्या भागात सामान्य वाहनांना एका खेपेला तीस लिटरच पेट्रोल मिळे. दुकानांतली काही फडताळे रिकामी झाली. क्रमांक ३ वर चढाच्या जागी तिसरी मार्गिका, वाहने बाजूला घेण्यासाठी पुरेशी रुंद जागा आणि साखळ्या चढवण्यासाठी मोठे थांबे आधीपासून असते, तर ते ३५ दिवस पुष्कळ सुसह्य झाले असते.

साखळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मोटारीने जाणाऱ्यांना याची कल्पना नसते. ११,७९४ किलोपेक्षा जड व्यावसायिक वाहनांना हिवाळ्यात या रस्त्यांवर लोखंडी साखळ्या बरोबर बाळगाव्या लागतात आणि फलकावर सूचना आली की चढवाव्या लागतात. कोकिहालाच्या माथ्याजवळ झॉपकिओस येथे प्रशस्त थांबा आहे. तिथे चालक ब्रेक तपासतो, साखळी बर्फावर पसरतो, तिचे गुंतलेले दुवे हातमोज्याने सोडवतो, मग ती चाकावर ओढून आतल्या बाजूचा आकडा चाचपडत अडकवतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. सराव असलेल्यालाही यात बराच वेळ जातो आणि वारा असेल तर बोटे बधिर होतात. एवढे काम करायला उजेड आणि धावत्या वाहनांपासून दूर सपाट जागा हवी. कोकिहालावर ती आहे. जोडरस्त्यांवर बहुतेक ठिकाणी चालकाला हेच काम पांढऱ्या रेषेला खेटून, मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांकडे एक डोळा ठेवून करावे लागते.

---

मेघना_आतलेपठार

क्रमांक ८ वर 'फारच थोडी वाहने' जातात, या वाक्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा रस्ता सुमारे सत्तर किलोमीटरचा आहे. नूआइच, शॅकन आणि कुक्स फेरी या फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूलनिवासी समाजांची वस्ती त्याच्या काठाने आहे. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणारी आणि चाऱ्याची शेती करणारी कुटुंबे आहेत. २०२१ च्या पुरात निकोला नदीने आपले पात्रच बदलले. रस्ता काही ठिकाणी खचला आणि काही ठिकाणी तो होता त्या जागेवरून नदी वाहू लागली. घरे गेली, कुरणे गेली. माझ्यासोबत काम करणारी एक बाई त्या खोऱ्यातली आहे. मेरिटला तिच्या आईला डॉक्टरकडे न्यायचे, तर आधी तासाभराचे काम होते, ते दिवसभराचे झाले. रस्ता पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, जवळजवळ वर्षाने. कोकिहालाला ३५ दिवस लागले आणि क्रमांक ८ ला वर्ष, यामागची तांत्रिक कारणे मला समजतात. पण ज्यांच्यापाशी तो एकच रस्ता होता, त्यांच्या बाजूने हा फरक केवढा होता, तेही समजून घ्यावे.

मेरिटचीही तीच कथा. सात हजारांच्या आसपास वस्तीचे ते गाव १५ नोव्हेंबरला पूर्ण रिकामे करावे लागले, कारण सांडपाण्याचे केंद्र बुडाले होते. कोकिहाला तुटलेला, क्रमांक ८ तुटलेला. लोक कॅम्लूप्स आणि केलोनाकडे निघाले ते उरलेल्या दोन बाजूंनी. आमच्याकडच्या निवारा केंद्रात आलेल्या काही वृद्धांच्या अंगावर घरातलेच कपडे होते. जाळ्याचे चार धागे एका गाठीत आले आहेत आणि त्या गाठीत माणसे राहतात.

---

दिगंत

मेघना, नदीकाठ, तुमचे म्हणणे वाचले. रहदारी मोजण्याचा माझा निकष नेहमीच्या दिवसांचा होता, आपत्तीच्या दिवशी त्याच रस्त्याचे मोल बदलते, हे मला मान्य आहे. सह्यगिरींनी मोऱ्यांविषयी मांडलेला हिशेबही पटला. तरीही प्राधान्य ठरवावेच लागेल. प्रत्येक दोन पदरी रस्ता चौपदरी करणे शक्य नाही आणि या डोंगरांत ते योग्यही नाही.

एक प्रश्न आहे. कॅम्लूप्सच्या पूर्वेला, रेव्हलस्टोक आणि गोल्डनच्या दरम्यान, रॉजर्स खिंडीत असा पर्यायच नाही ना? १९६२ मध्ये ट्रान्स-कॅनडा तिथून गेला तेव्हापासून तोच एक रस्ता आहे. तिथे तर हिमस्खलन रोखण्यासाठी सैन्य तोफा डागून बर्फ पाडते. मग तिथे जाळे कसे तयार करणार?

---

जुना_वाटाड्या

रॉजर्स खिंडीच्या आधी बिग बेंडचा रस्ता होता. तो १९४० मध्ये पूर्ण झाला, कोलंबिया नदीच्या मोठ्या वळणाने फिरून जाणारा, बहुतेक खडीचा आणि हिवाळ्यात बंद. पुढे धरणांच्या जलाशयांत त्याचा बराच भाग गेला. तेव्हा तिथला जुना पर्याय परत आणता येणार नाही. खिंड दीर्घकाळ बंद राहिली, तर दक्षिणेचा क्रमांक ३ किंवा उत्तरेला कॅम्लूप्सहून क्रमांक ५ ने टेट जॉन कॅशला जाऊन क्रमांक १६ ने जॅस्परकडे, हेच दोन दूरचे मार्ग उरतात. म्हणजे क्रमांक ३ हा केवळ होपपुरता पर्याय नाही, संपूर्ण पर्वतप्रदेशाचा आहे. त्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहिल्याचे मला तरी दिसत नाही.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

वाटाड्याजी, अगदी नेमके. आणि दिगंत, गोल्डनजवळचेच एक चांगले उदाहरण देतो. किकिंग हॉर्स घळीतल्या ट्रान्स-कॅनडाच्या शेवटच्या ४.८ किलोमीटरचे चौपदरीकरण नोव्हेंबर २०२३ मध्ये खुले झाले. त्या कामासाठी वसंतात आणि शरदात रस्ता कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला आणि सारी वाहतूक रेडियममार्गे ९३ आणि ९५ या दक्षिणेकडच्या रस्त्यांवर वळवली. सुमारे दीड तास जास्त लागत असे. आमच्या गाड्या तिथून गेल्या, उशीर झाला, पण माल पोहोचला, कारण वळण आधी जाहीर होते आणि जोडरस्ते त्यासाठी सज्ज ठेवले होते. मुख्य रस्ता इतका काळ बंद ठेवण्याची हिंमत करता आली ती ते दोन रस्ते होते म्हणून.

चौपदरीकरणाची मागणी मीही करत नाही. क्रमांक ३, ५ए, ८ आणि ९९ या रस्त्यांवरच्या मोऱ्यांची नव्या पर्जन्यमानाप्रमाणे तपासणी व्हावी आणि ज्या कमी पडतील त्या बदलाव्यात. चढांवर जागोजागी तिसरी मार्गिका आणि उजेड असलेले साखळ्यांचे थांबे व्हावेत. निकोलाच्या खोऱ्यात रस्ता नदीपासून दूर नेताना तिथल्या तिन्ही समाजांचे म्हणणे आधी ऐकले जावे, कारण नदी पूर्वी कुठून वाहत होती हे त्यांना कोणाही सल्लागारापेक्षा अधिक ठाऊक आहे. प्रांताचे वाहतूक मंत्रालय अशा कामांपूर्वी नागरिकांचे अभिप्राय मागवते. इथल्या ज्यांचा या रस्त्यांशी संबंध येतो, त्यांनी ते वेळेवर आणि जागेच्या नेमक्या उल्लेखासह द्यावेत.

---

सह्यगिरी

नदीकाठ यांच्या शेवटच्या सूचनेत एक भर घालतो. अभिप्राय देताना 'रस्ता खराब आहे' असे मोघम लिहिल्यास त्याचा उपयोग होत नाही. जवळच्या किलोमीटर-फलकाचा आकडा, मोरीचे तोंड बुजलेले आहे का, पावसानंतर पाणी रस्त्याच्या कोणत्या बाजूला साचते आणि भरावाच्या उतारावर नव्या घळी पडल्या आहेत का, एवढे लिहिले आणि सुरक्षित जागी थांबून काढलेले छायाचित्र जोडले, तर तपासणी करणाऱ्याला थेट त्या जागी जाता येते. पाहणीसाठी सप्टेंबर सर्वांत चांगला, कारण तेव्हा ओढे आटलेले असतात आणि मोरीचा तळ दिसतो.

---

रोहिणी_पुणे

मेघना, तुमच्या सल्ल्याप्रमाणे जावयांशी बोलले. व्हँकुव्हरला एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे ठरले आहे. पेनास्कची स्थिती वाईट असेल तर क्रमांक ३ ने प्रिन्स्टन, केरेमिओस आणि पेन्टिक्टनवरून जावे का, असे ते विचारत होते.

---

मेघना_आतलेपठार

रोहिणीताई, तो मार्ग खुला असला तर जाता येते, पण वेळ जास्त लागतो आणि अ‍ॅलिसन खिंडही उंचच आहे, त्यामुळे पेनास्कला हिमवादळ असेल तेव्हा तिथेही बहुधा तेच हवामान असते. दोन्हीकडे इशारे असतील, तर मुक्काम आणखी एक रात्र वाढवावा. मेरिटपर्यंत पोहोचल्यावर पुढचा रस्ता बंद झालाच, तर मेरिटलाच थांबा, तिथे महामार्गालगत बरीच राहण्याची ठिकाणे आहेत. अंधारात ५ए ने कॅम्लूप्स गाठण्याचा प्रयत्न मात्र करू नका. तो तळ्यांच्या काठाने जाणारा, वळणांचा रस्ता आहे, त्यावर दिवे नाहीत आणि संध्याकाळी हरणे आडवी येतात.